न दिलेली पोच

मित्रांनो, मी बिनतारी संदेश पाठवायचा एक जुना पितळी खटका आहे. तुमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात मी बसलेला असतो, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी काचेला नाक लावून विचारतं, "हे काय, दाराची कडी?" मला राग येत नाही असं म्हणणार होतो, पण येतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने पितळ ओतलं, कानशीने माझ्या कडा घासल्या, वर काळी गोल मूठ बसवली आणि मला दोनदा दाबून म्हणाला, "बोलका आहे." माझ्या आयुष्यातली ही पहिली आणि जवळजवळ शेवटची खरी स्तुती.

मग युद्ध सुरू झालं आणि मला एका युद्धनौकेवर नेलं. बिनतारीची खोली म्हणजे खोली कसली, फळ्या काढलेलं कपाटच. टेबल, खुर्ची, हेडफोन, भिंतीवर घड्याळ आणि टेबलाला स्क्रूंनी जखडलेला मी. मला चालवणाऱ्याला सगळे टकटक्या म्हणत, कारण जेवतानाही त्याची बोटं ताटाच्या काठावर वाजत असत. स्वभावाने गरीब गाय. वरिष्ठांपुढे त्याने कधी मान वर केली नाही, आणि याबद्दल त्याचं कौतुक व्हायचं. तेव्हा मलाही तो गुणच वाटायचा.

आमच्या धंद्यात एक रीत असते. निरोप नीट ऐकला, की ऐकणाऱ्याने लगेच एक अक्षर उलट पाठवायचं: टिंब, रेघ, टिंब, म्हणजे एक आखूड, एक लांब, एक आखूड ठोका. त्याला पोच म्हणतात. पोच येईपर्यंत पाठवणारा तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. टकटक्याने ही रीत आपल्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, शिकवून त्याच्याकडून अगदी घोटून घेतली होती. त्याला नौदलात लावलं तेही यानेच. माझ्याच मुठीवर त्याची बोटं ठेवून त्याचा हात बसवला. "जहाज उलटं झालं तरी पोच मिळाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही," असं तो बजावायचा. मेहुणा हसायचा. "भावोजी, जहाज उलटं झालं तर खुर्ची माझ्या डोक्यावर असेल!"

पुढे मेहुण्याला दुसऱ्या जहाजावर स्वतःची खुर्ची मिळाली. बिनतारीत माणसाचा आवाज नसतो, पण प्रत्येकाचा हात ओळखू येतो. हा शेवटची रेघ उगाच लांबवायचा. ती ऐकली, की टकटक्या आपल्याशीच हसायचा.

एका दुपारी आमची जहाजं एकामागून एक चालली होती. पाण्याखाली शत्रूची पाणबुडी असल्याची खबर होती, म्हणून कुणीही काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं, असा मौनाचा हुकूम होता. मेहुण्याचं जहाज इंजीन बिघडून बरंच मागे राहिलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी हेडफोनमध्ये ती लांब रेघ आली. 'टॉर्पिडो लागला. बुडतो आहोत. माणसं होड्यांत उतरत आहेत.' पुढे जागेचे आकडे. टकटक्याने सगळं कागदावर उतरवलं, एक आकडा चुकला नाही, आणि माझ्यावर बोट ठेवलं.

दारात कप्तान उभा होता. "हात काढ."

"साहेब, पोच फक्त. एकच अक्षर."

"त्या एका अक्षरावर पाणबुडी आपल्याला गाठेल. हात काढ म्हटलं ना!"

त्याने हात काढला. मित्रांनो, इथवर मी कप्तानालाही दोष देत नाही. आमच्या जहाजावर दोनशे माणसं होती. पण मेहुणा तोच निरोप पुन्हा पाठवू लागला. तिसऱ्यांदा, पाचव्यांदा, नवव्यांदा. टकटक्याला पक्कं ठाऊक होतं, की पोच गेली तर मेहुणा उठेल आणि होडीत बसेल, आणि नाही गेली तर तिथेच बसून राहील. तसं शिकवणारा तो स्वतःच होता. अकराव्या वेळी निरोप अर्ध्यात तुटला.

"नोंदवहीत लिही," कप्तान म्हणाला, "निरोप अस्पष्ट, मजकूर लागला नाही."

स्वच्छ ऐकलेला निरोप मौन सुटताच किनाऱ्याला कळवावा लागतो. मग होड्या शोधायला कुणाला तरी मागे जावं लागतं, आणि ते बहुधा आम्हालाच लागलं असतं. कप्तानाला ती पीडा नको होती. टकटक्याने सांगितलं तसं लिहिलं. अक्षर मोत्यासारखं.

दोन तासांनी मौन सुटलं. माझ्यातून पहिला निरोप कोणता गेला असेल? नौदलातल्या एका बड्या साहेबांना बढती मिळाली होती, त्यांचं आमच्या कप्तानाकडून हार्दिक अभिनंदन! त्याची पोच समोरून लगेच आली. जागेच्या आकड्यांचा कागद टकटक्याच्या खिशात होता. कप्तान आपल्या केबिनमध्ये चहा पीत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी वाट पाहिली. टकटक्याने हेडफोन काढले, खुंटीला लावले आणि तो जेवायला गेला.

युद्ध संपलं. कप्तानाच्या छातीवर पदकं मावेनात. नवी यंत्रं आली, तेव्हा मला टेबलावरून उचकटलं आणि टकटक्याने नोकरी सोडली त्या दिवशी लाकडी पाटीवर ठोकून त्याला भेट दिलं. पाटीवर कोरलं होतं, 'शिस्तप्रिय चालकास'. घरी मी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. त्याची बायको मला रोज पुसायची. भावाचा शेवटचा निरोप कुणालाच लागला नाही, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

एके दिवशी मेहुण्याच्या जहाजावरचा स्वयंपाकी पत्ता विचारत विचारत आला.

"ताई, मी त्याचा दंड धरून ओढला," तो म्हणाला. "पाणी गुडघ्याला लागलं होतं. तर म्हणतो, तू हो पुढे, पोच येऊ दे. भावोजी पाळीवर आहेत, ते ऐकताहेत. होडीत आम्ही चौदा जण होतो. कुणीतरी येईल म्हणून नऊ दिवस वाट बघितली. उरलो तिघं."

बायको नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही ऐकलं होतं?"

"हो."

"सगळं?"

"हुकूम होता," टकटक्या म्हणाला.

ती माहेरी गेली नाही. त्याचं जेवणखाण, कपडे, औषधं, सगळं वेळच्या वेळी करत राहिली. फक्त त्या दिवसापासून तिने त्याच्या हाकेला ओ द्यायचं सोडलं. तो पाणी मागे, ती पेला आणून ठेवी, पण 'आले' म्हणत नसे. अशी सव्वीस वर्षं गेली. मला तिचं अगदी बरोबर वाटायचं. मीही मनातून टकटक्याशी बोलणं टाकलंच होतं.

मग एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली. त्याने तिला हाक मारली. ती आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला, म्हणजे तिने ऐकलं होतं. मग भांडी पुन्हा वाजू लागली. त्याने आणखी एकदा हाक मारली, नंतर मारली नाही. सगळी भांडी पालथी घालून, हात पुसून ती पाण्याचा पेला घेऊन आली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं.

"ओ," ती म्हणाली. "अहो, आले ना. ओ." किती तरी वेळ ती तेवढंच म्हणत होती. महिनाभरात तिने मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी 'आमची काळजी घ्या' असं सांगतो. मला त्याची गरज नाही. मी पितळेचा आहे, पुसलं नाही तरी टिकेन. पण कुणी हाक मारली तर ऐकलं एवढं त्याला कळू द्या. तुमचं भांडण असो, वरचा हुकूम असो, माणूस तोंडही बघू नये असा असो. आधी ओ द्या. मग जन्मभर भांडा हवं तर.