दोन्ही हातांचा निरोप

अनसिंगच्या बाजारातलं इंद्रभानचं कापड दुकान तसं मुकंच होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की इंद्रभान आधी खाली बघायचा, मग गठ्ठा सोडायचा. कापड गेलं, गिऱ्हाईक गेलं, की पुन्हा तंबाखू मळत बसायचा. यंदा त्याची सून वर्षाराणी गल्ल्यावर बसली आणि त्या दुकानाला कंठ फुटला.

वर्षाराणी आणि तिचा नवरा हरीओम पुण्याकडच्या एका मोठ्या पार्कात कामाला होते. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, असं ते पार्क. तो पाळण्यावर, ही गेटवर. लेक मंजू मात्र इकडे आजोबापाशी वाढली. फोनवर आईला ती 'पार्कवाली आई' म्हणायला लागली, त्या दिवशी वर्षाराणीनं पिशवी भरली.

"दिवाळीवरी पाह्यतो," इंद्रभान म्हणाला होता. "दुकान चाललं तं हरीओमलेही बलावून घे. नाही चाललं तं पोरीले माह्यापाशी ठेव अन् निंग परत."

मग पार्कातलं सगळं तिनं दुकानात मांडलं. बोट दाखवायचं नाही, अख्खा तळहात दाखवायचा. लेकरू आलं की गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. थांबायला लागलं तर किती वेळ ते आधीच सांगायचं. आणि निघताना दोन्ही हात वर करून हलवायचे. "हसत जा, पुन्हा या!"

बाया आधी लाजल्या. मग मुद्दाम वळून हात हलवायला लागल्या.

नानीबाई तर फिदाच झाली. "अव पोरी, लग्नात बी मले कोनं असा निरोप नाही देल्ला!" पोपटी हिरवी साडी तिनं खांद्यावर टाकली, आरशासमोर गिरकी घेतली आणि गळ्यातल्या गळ्यात म्हणाली,

हिरव्या साडीचा बाई, पदर वाऱ्यावरी गेला
दारी उभा माझा धनी, म्हणे उशीर का केला

"फॉल लावून ठेव. सोमवारी येतो," असं सांगून ती गेली, वळणावरून हात हलवत.

सोमवारी भर उन्हात नानीबाईचा नवरा रामधन आला. दुकानात लग्नाच्या बस्त्याची गर्दी होती. वर्षाराणी मशीनवर वाकून फॉलच लावत होती.

"नानीची साडी दे," तो म्हणाला.

"बसा ना काका. दोन मिनिटं लागतीन."

"राहू दे तो फॉल. तशीच दे."

"बिनफॉलची कायले? काकू मले रागवतीन ना!" मान वर न करता ती हसली. "काहून एवढी घाई? काकूनं घरून हाकललं वाटते!"

बस्त्याच्या बाया खुसखुसल्या. मशीन टरटरत राहिलं. गठ्ठ्याआडून इंद्रभाननं सवयीनं खाली बघितलं. रामधनचे पाय अनवाणी होते. मातीनं भरलेले. एवढ्या उन्हात. इंद्रभान धडपडत उठला, "सूनबाई..."

तोवर साडी पिशवीत गेली होती आणि दोन्ही हात वर झाले होते.

"हसत जा काका! पुन्हा या, अन् काकूले घेऊन या!"

रामधन पायरीवरच थांबला. पिशवी त्यानं लेकरासारखी छातीशी धरली होती.

"तिले कुठून आणू, बाई?"

एवढंच बोलला आणि उन्हात उतरला.

वर्षाराणीचे हात तसेच वर राहिले. खाली कसे आणायचे तेच तिला उमजेना. सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवून पाठवतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? आपल्याच आईला तिनं नेसवली होती. एक बाई पायरीवर जाऊन कोणाला तरी विचारून आली आणि पुटपुटली, "सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या गेली म्हने नानी." तिनं हातातलं कापड ठेवलं. बाकीच्या तिच्यामागं निघाल्या. जाताना कोणी वळलं नाही.

इंद्रभान रागावला नाही, त्यानंच ती जास्त थिजली. तो फक्त म्हणाला, "पाय पाहाचे होते, पोरी."

तेव्हा तिला पार्कच्या गेटवरची उज्ज्वलाताई आठवली. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं: "आधी चेहरा बघायचा, मग तोंड उघडायचं. गेटवर रडत येणारेही असतात." बाकी सगळं तिनं गावी आणलं होतं. हेच तेवढं गेटवर राहून गेलं होतं.

त्यानंतर दुकान पुन्हा मुकं झालं. दिवाळी तोंडावर आली. परत जायला वर्षाराणीनं पिशवी खाली काढली. मंजू त्या पिशवीकडे बघत राहायची.

नानीबाईची तेरवी झाली आणि एका सकाळी रामधन पायरी चढला. इंद्रभानचा तंबाखू हातातच राहिला.

वर्षाराणीनं पाय बघितले. चपला होत्या. मग चेहरा बघितला, बराच वेळ. हसली नाही. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि लेकरासमोर बसावं तशी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"काका, चुकलं माह्यं."

त्यानं घोटभर पाणी घेतलं. "फॉल लागला म्हणून साडी नीट बसली म्हने. बाया सांगत होत्या." तांब्या खाली ठेवून म्हणाला, "लेकीले एक साडी पाह्यजे. नानीच्या साडीसारखीच."

तिनं एकेक घडी उलगडली. घाई केली नाही. पिशवी त्याच्या हाती दिली तेव्हा तिचे हात वर जायला निघाले आणि मध्येच जुळले. ओठ मिटलेलेच.

मयताच्या घरचा माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. रामधन पायरी उतरला, वळला.

"येतो, पोरी."

इंद्रभाननं गल्ल्याची किल्ली तिच्याकडे सरकवली. "हरीओमले फोन लाव," म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला.