नवलची बसायची गोधडी

मी एक गोधडी आहे, पण पांघरायची नव्हे, बसायची. दोन हात लांब, दोन हात रुंद. एरंडोलच्या दिपमालाने आपल्या जुन्या पातळाचे आणि नवऱ्याच्या विरलेल्या लुंगीचे थर लावून मला शिवलं. धावदोरा घालता घालता ती थांबायची आणि आतल्या खोलीकडे बघायची. तिथे तिचा नवरा, नवल, भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

नवल रावेरहून केळीचा ट्रक न्यायचा. सोबत रोहिदास असे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. दोघं आळीपाळीने गाडी चालवत. उन्हाळ्यात एका वळणावर ट्रक उलटला. रोहिदास गेला. नवलच्या कपाळाला चार टाके पडले, बाकी काही नाही. ब्रेक लागला नाही, असं सगळे म्हणाले. नवल गप्प राहिला.

त्यानंतर गाडीची किल्ली हातात घेतली की त्याचे हात थरथरू लागत. जळगावच्या एका दवाखान्यातल्या सुलक्षणाताईंनी त्याला सांगितलं, "रोज सकाळी दहा मिनिटं नुसतं बसा. श्वास येतो, जातो, तेवढं बघा. मन भटकलं तर रागावू नका, परत आणा."

त्यासाठीच माझा जन्म.

पहिल्या दिवशी तो दोन मिनिटांत उठला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या झुलालआबांनी कुंपणावरून विचारलं, "काय रे नवल, साधू व्हयी गया का काय?" मग चार दिवस तो माझ्याकडे फिरकलाच नाही. पेटीवर घडी होऊन मी पडून राहिले. पाचव्या सकाळी दिपमालाने मला ओट्यावर अंथरलं आणि आपल्या कामाला लागली.

माणूस मला त्याच्या भारावरून कळतो. आधी नवल एकाच मांडीवर भार देऊन बसे, उठायच्या तयारीत. श्रावण सरेपर्यंत भार सारखा पडू लागला. एकदा जेवताना तो म्हणाला, "आज भाजीमा लसूण जास्त शे." दिपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. कित्येक महिन्यांत त्याला जेवणाची चव कळली नव्हती.

पण शांत बसलं की दाबून ठेवलेलंही वर येतं. एका सकाळी तो माझ्यावर बसून खूप रडला. मग मला काखेत मारून त्याने एसटी धरली आणि थेट रोहिदासच्या पाड्यावर गेला.

रोहिदासची बायको रेशमा अंगणात धान्य पाखडत होती. नवल मला खाली टाकून बसला.

"रेशमा, ब्रेक चांगले होते. माझा फोन वाजला. रोहिदास म्हणाला, फोन राहू दे, रस्ता बघ. मी फोनकडे बघितलं."

रेशमाच्या हातातलं सूप थांबलं. "इतके दिवस मी ब्रेक बघणाऱ्या त्या मिस्त्रीला शिव्या देत होते," ती म्हणाली.

मग ती खूप बोलली. नवल उठला नाही, मधे बोलला नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते, आणि ते थरथरत नव्हते.

"पोलिसांनाही हेच सांगणार आहे," तो शेवटी म्हणाला.

"आता जा."

तो गेला. मला न्यायचं राहून गेलं.

पुढचं मला दिपमालाने रेशमाला केलेल्या फोनवरून कळलं. नवलने खरा जबाब दिला. खटला चालू आहे, गाडी बंद आहे. सकाळी तो नुसत्या फरशीवर बसतो. माझी आठवण कोणी काढली नाही. दहा मिनिटं बसायला गोधडी लागतेच असं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाईट वाटलं.

आता मी रेशमाच्या घरात खुंटीवर असते. तिने मला फेकलं नाही, वापरलंही नाही. कधीतरी खाली काढते, धूळ झटकते, परत अडकवते.

रेशमा, त्याला माफ कर असं मी म्हणणार नाही. तो माझा अधिकार नाही. पण तू जंगलातून मोळी घेऊन येतेस, ती उतरवतेस आणि लगेच चुलीशी वाकतेस. इथे आल्यापासून तुला स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नाही. एकदा मला खाली घे. बस. रडू आलं तर येऊ दे. मी जुन्या सुती कापडाची आहे, पाणी सहज शोषते.