मायनं चपला काढल्या

मायनं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि तीन भिंतींच्या त्या खोलीला चौथी भिंत आली.

आवाज झाला नाही. प्रसेनजित दोन पावलं पुढं उभा राहून घडीच्या पलंगाचा क्रमांक फोनमध्ये टिपून घेत होता. वळून बघतो तर जिथून माय आत गेली होती तिथं पांढरी भिंत. भिंतीला करडं दार, दाराला घंटी, आणि दारापुढच्या पायपुसण्यावर मायच्या चपला, जोडीनं, नीट ठेवलेल्या. परभणीच्या बाजारातल्या, टायरच्या तळाच्या. डावीचा अंगठा मोच्याकडून दोनदा शिवून घेतलेला.

फर्निचरचं हे दुकान चाळीस देशांत आहे आणि चाळीसही देशांत त्यात एकाच दिशेनं चालायचं असतं. जमिनीवर बाण काढलेले असतात. बाणाच्या दोन्ही अंगांना खोल्या मांडलेल्या: बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली. खोट्या खिडकीत खोटं ऊन, पुठ्ठ्याचा टीव्ही, कपाटात कोरी पुस्तकं. लोक बुटांसकट आत घुसतात, गाद्यांवर लोळतात, उशा दाबून बघतात आणि पुढं जातात. त्या घरांना घर समजायची चूक जर्मनीतल्या ह्या डॉर्टमुंडमध्ये कुणी करत नाही. मायनं केली. साठ वर्षांत ती कुणाच्याही घरात चपला घालून गेली नव्हती. ज्या घरांत बावीस वर्षं भांडी घासली, त्यातल्या दोन घरी तर चपला दाराशी नव्हे, फाटकाबाहेर रस्त्यावर काढाव्या लागायच्या. भिजल्या तर भिजल्या, कुत्र्यानं नेल्या तर नेल्या.

दुकानाची एक बाई आली. राखाडी सदरा, छातीवर नावाची पट्टी: उर्सुला. तिनं भिंतीकडं बघितलं, चपलांकडं बघितलं.

"बाई राहायला आल्या का?"

"नाही. चुकून झालंय."

"चपला काढल्यात त्यांनी."

"आमच्याकडं काढतात."

"मग राहायला आल्या," उर्सुला म्हणाली. "इथं कुणी काढत नाही, म्हणून इथं भिंत येत नाही. त्या स्वतः चपला घालून बाहेर आल्या की भिंत जाईल. सहा वाजता ही खोली उतरवायचीय, उद्यापासून इथं नवी मांडणी. आत जे असेल ते खोक्यात जाईल."

"आत माणूस आहे."

"जे असेल ते," ती म्हणाली आणि बाणाच्या दिशेनं निघून गेली. फोनवर तीन पन्नास झाले होते.

प्रसेनजितनं घंटी वाजवली. मायनं दार उघडलं. पदर खोचलेला, हातात फडकं. मागं खोली होती त्यापेक्षा खोल दिसत होती. सोफ्याच्या पलीकडं आणखी एक दार होतं, ते मघाशी नव्हतं.

"आलास? ये की. बूट काढ अन् ये."

"माय, बाहेर चल. चपला घाल."

"का?"

"हे दुकान आहे."

"मला काय डोळे न्हाईत का? दुकान असंल तिकडं. हितं तर घर हाय." तिनं दाराच्या कडेवरून फडकं फिरवलं. "आत न्हाणी हाय. गरम पाणी येतंय. आलास तर खरं वाटंल तुला."

त्यानं एक पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. बूट काढले तर तोही राहायला आला. मग दोघांना सोडवायला बाहेर कुणीच उरणार नाही. बूट घालून आत जावं तर माय उंबऱ्यात उभी होती आणि ती हलणार नव्हती.

"मी असाच येतो. दोन मिनिटं. तुला हाताला धरून बाहेर काढतो."

"बुटानं? माझ्या घरात?" माय हसली. "लई मोठा साहेब झालास रे. देशमुखीण बाई मला फरशीवर ओला पाय ठेवू देत नव्हती, अन् तू चिखलाचा बूट घेऊन येतूस?"

"माय, सहा वाजता हे सगळं तोडणार आहेत."

"आपली झोपडी तीनदा तोडली नगरपालिकेनं. मी तीनदा बांधली. तवा तू पाळण्यात व्हतास." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "सात आठवडे झाले मला येऊन. कुठं निजवलंस मला?"

स्वयंपाकघरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारी, हवा भरायच्या गादीवर. सकाळपर्यंत हवा जायची आणि माय फरशीला लागायची. एकदाही बोलली नाही. आज पलंग घ्यायला आणलं ते त्याला सुचलं म्हणून नव्हे. काल तिला उठता येईना म्हणून.

"आन् दिवाळीला त्या बाईनं इचारलं, ह्या कोण? तर काय म्हणलास?"

"माय, हळू बोल. लोकं बघायलेत."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ते परत घेता येणार नाही हे त्याला तिथंच कळलं. मायनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं कुणी फेरीवाल्याकडं बघतं, आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागली.

दिवाळीला तो काय म्हणाला होता ते सांगून टाकलेलं बरं. इथल्या मराठी मंडळात तो नऊ वर्षं जातो. मंडळाच्या यादीत त्याचं नाव नुसतं 'प्रसेन' आहे. अर्धं नाव त्यानंच खाल्लं आणि आडनाव तर पूर्ण गिळलं. फराळाच्या दिवशी मेधाताई केळकरांनी विचारलं, ह्या कोण? माय दोन हातांच्या अंतरावर उभी होती, चिवड्याची बशी घेऊन. प्रसेनजित म्हणाला, गावाकडच्या मावशी आहेत, घरात मदतीला आणल्यात. मायनं चिवडा खाल्ला. बशीसुद्धा धुवून ठेवली.

तो पुन्हा घंटी वाजवणार होता. तेवढ्यात बाणाच्या मागच्या अंगानं आवाज आला, मराठीत.

"अरे देवा, इथे पुन्हा उशाच!"

मेधाताई होत्या. एकट्या, ढकलगाडी घेऊन. प्रसेनजितनं घंटीवरचा हात काढला आणि पाच पावलं बाजूला होऊन दिव्यांकडं बघायला लागला. पाचच पावलं. दिव्याच्या टोपीत तोंड घालून उभा राहिला.

"प्रसेन! तू इथे? एकटाच?"

"हो. म्हणजे, दिवा बघतोय."

"एकट्या माणसाला कसला रे दिवा!" त्या हसल्या, आणि त्यांची नजर पायपुसण्यावर गेली. "अय्या! हे काय! ह्या चपला बघ!" वाकून त्यांनी एक उचलली, उलटी केली. "टायरचा तळ! आमच्या पुण्यात कामाला यायच्या ना, त्यांच्या अशाच असायच्या. हल्ली ह्या लोकांनी काय काय आणलंय विकायला. किती गोड! दोन्हींत एकेक छोटी कुंडी ठेवीन बाल्कनीत."

त्यांनी दुसरीही उचलली. दोन्ही चपला गाडीत गेल्या, मेणबत्त्यांच्या पुड्यावर.

प्रसेनजितचं तोंड उघडं होतं. 'त्या विकायच्या नाहीत' एवढंच म्हणायचं होतं. मग त्या म्हणाल्या असत्या, मग कुणाच्या आहेत?

"छान आहेत," तो म्हणाला.

मेधाताई गेल्या. करड्या दारामागून काही आवाज आला नाही. पण पायपुसणं मोकळं झालं तशी भिंत विटेची झाली. आधी फळीची होती. त्यानं हात लावून बघितला. गार होती.

तेव्हा तो पळाला.

पळून उपयोग नव्हता. झोपायच्या खोल्यांनंतर मुलांच्या खोल्या असायला हव्यात. आज झोपायच्या खोल्यांनंतर झोपायच्या खोल्याच लागत होत्या. त्यानं सतरा मोजल्या. मेधाताईंची हिरवी ओढणी दर वेळी पुढच्या वळणावर दिसायची, आणि तो वळणावर पोचला की आणखी एक पलंग, आणखी एक खोटी खिडकी. मागं फिरून बघावं म्हणून तो बाणाच्या उलट बारा पावलं चालला. कुणी अडवलं नाही. बारा पावलांनंतर तो सहा पावलं पुढं आला होता.

गालिचांपाशी त्यानं त्यांना गाठलं. चार पन्नास.

"मेधाताई. त्या चपला."

"हं?"

"त्या इथल्या नाहीत. विसरल्यात कुणाच्या तरी."

"कुणाच्या?"

आजूबाजूला माणसं होती, पण मराठी समजणारं ह्या बाईशिवाय कुणी नव्हतं. एका बाईपुरतं खरं बोलायचं होतं. त्यानं चपलांकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडातून जे आलं ते इतकं सरावाचं होतं, की त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही.

"मावशींच्या आहेत."

"अरेच्चा! तुझ्या त्या मावशींच्या? मग आधी नाही का बोलायचं, वेड्या!" मेधाताईंनी दोन बोटांनी चपला उचलून त्याच्या हातात दिल्या. "आणि ऐक ना, त्यांना म्हणावं, जायच्या आधी दोन दिवस आमच्याकडेही या. इथे मेलं हाताखाली कुणी मिळत नाही. फरशी पुसून वर्ष झालं. मी साडी देईन त्यांना छानशी."

"सांगतो."

"नक्की हं!"

"हो. सांगतो," प्रसेनजित म्हणाला. दोनदा म्हणाला.

खोलीकडं जायला आता वाट एकच. दुकानाबाहेर पडायचं, मोटारींच्या आवाराला वळसा घालून मुख्य दारानं पुन्हा आत यायचं, जिना चढायचा आणि पहिल्या बाणापासून चालायला लागायचं. बाहेर ऊन उतरलं होतं. चपला छातीशी धरून तो पळत होता. आवारातल्या एका माणसानं आपल्या बायकोला आपल्या अंगाकडं ओढून घेतलं.

दुसऱ्या फेरीत वाट अरुंद झाली होती. दोन्हीकडच्या खोल्या बाणाच्या अंगावर आल्या होत्या. सोफ्यांचे हात त्याच्या मांड्यांना लागत होते. प्रत्येक खोलीत आता कुणीतरी बसलेलं होतं, बूट घालून, हातात उशी घेऊन, आणि तो जाताना सगळ्यांनी त्याच्या हातांतल्या चपलांकडं बघितलं. स्वयंपाकघरांपाशी त्याला अंग तिरकं करून चालावं लागलं. शेवटच्या वळणावर पाठ एका भिंतीला घासत होती आणि नाक दुसरीला. सहाला चार मिनिटं होती. मग सहा वाजले. मग तो पोचला.

खोली उतरवून झाली होती. सोफा, मेज, दिवे, खिडकीतलं ऊन, सगळं चपट्या खोक्यांत गेलं होतं. खोक्यांवर आकडे होते. चौथी भिंत मात्र उभी होती, तिच्यात करडं दार होतं, आणि मागं काही नव्हतं. तो मागं जाऊन बघून आला. मागं नुसती जमीन, तिच्यावर बाण.

राखाडी सदऱ्यातली तीन माणसं दाराचे स्क्रू आवळत होती. उर्सुला हातात कागद घेऊन उभी होती.

"आवळताय कशाला? उघडा. मी चपला आणल्यात."

"उघडणं जोडणीच्या वेळी," उर्सुला म्हणाली. "कुठल्या तरी दुकानात जोडतील. कुठं ते माझ्या कागदावर नाही."

त्यानं घंटी वाजवली. ती वाजली. आतून पावलं आली, लांबून, जणू मधे बऱ्याच खोल्या होत्या.

"कोण हाय?"

"माय, मी."

"मी कोण?"

"प्रसेन."

"असं कुणी माझ्या वळखीचं न्हाई, बाबा."

त्यानं कपाळ दाराला टेकवलं. नऊ वर्षं जे बोलणं त्यानं तोंडातून धुवून काढलं होतं ते घशाशी आलं, आणि तो ओरडला. अख्ख्या दुकानात ऐकू जाईल असा. खालच्या मजल्यावर मेधाताई अजून असतील तर त्यांनाही.

"माय! मी प्रसेनजित हाय! तुझा ल्योक हाय मी! प्रसेनजित भीमराव वाघमारे! दार उघड, माय!"

शेवटचा स्क्रू बसला होता. तो कधी बसला, ओरडण्याआधी की नंतर, हे त्या तिघांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी दार भिंतीतून सोडवलं, हलकेच आडवं केलं आणि खांद्यावर घेतलं. दोघं पुढं, एक मागं. मागचा एक कोपरा खाली झुकला.

"पडेल," मागचा माणूस म्हणाला. "चौथा माणूस आज आला नाही."

"धरता का तुम्ही?" उर्सुलानं विचारलं. "पडलं तर आतलं फुटेल."

प्रसेनजितनं चपला काखेत मारल्या, झुकलेल्या कोपऱ्याखाली गेला आणि खांदा दिला. दार जड नव्हतं. साठ वर्षांच्या, कमी जेवणाऱ्या बाईचं वजन असावं तेवढंच. पुढच्या दोघांनी पाऊल उचललं, तसं मागच्या दोघांना उचलावंच लागलं. चौघं बाणाच्या दिशेनं चालायला लागले. दोन्ही अंगांना खोल्यांतली माणसं उठून उभी राहिली.

आणि त्याच्या कानाला लागून, लाकडाच्या पलीकडून, मायनं पुन्हा विचारलं, "कोण हाय बाहेर?"