काढून टाकलेलं भिंग

मित्रांनो, आपली कहाणी सांगायचा मान खरं तर जुन्या वस्तूंचा. मोडकी खुर्ची, फाटकी छत्री यांनी सांगावं आणि तुम्ही ऐकावं. मी अजून वर्षाचाही नाही. अंगावर ओरखडा नाही, काच शाबूत आहे. तरीही सांगायला बसलो आहे, कारण एवढ्या थोड्या दिवसांत माझ्यामुळे असं काही घडलं की मला तोंड दाखवायची लाज वाटते.

मी एक महागडा मोबाइल फोन आहे. कंपनीच्या त्या वर्षीच्या फोनांत सगळ्यात वरचा. मी घडत होतो तेव्हा माझ्यात काय घालायचं यापेक्षा माझ्यातून काय काढायचं यावरच जास्त चर्चा झाली. मला बारीक करायचं होतं ना. मग बॅटरी लहान केली. इयरफोनचं भोक बुजवलं. मेमरी कार्डाची खाच गेली. शेवटी लांबचं बघायचं भिंगही काढलं, कारण ते जाड होतं आणि माझ्या पाठीवर टेंगूळ आणत होतं. त्याच्या जागी मला अंदाज करायला शिकवलं. लांबची वस्तू नीट दिसली नाही, तर ती कशी असेल ते मी मनानंच ठरवायचं आणि चित्र भरून काढायचं. खोक्यावर मात्र 'तीसपट झूम' असं ठळक छापलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला.

सांगलीत स्टँडजवळ फारूकभाईंचं मोबाइलचं दुकान आहे. तिथं एक दिवस जवळच्या गावचे द्राक्षबागायतदार अजितअण्णा आले. एका तळहातावर मी आणि दुसऱ्यावर गेल्या वर्षीचा माझा थोरला भाऊ, असे दोघांना तोलत ते बराच वेळ उभे राहिले.

"आण्णा, खरं सांगू का? गेल्या वर्षीचा घ्या," फारूकभाई म्हणाले. "जाड हाय, पण बॅटरी दीड दिवस जाती. लांबचं भिंगबी खरं हाय. ह्येच्यात न्हाई."

"मग ह्यो म्हाग कसा?"

"बारीक हाय म्हणून."

अण्णा हसले. त्यांनी मला शर्टाच्या खिशात टाकून पाहिलं. खिसा जराही लोंबला नाही. झालं, व्यवहार तिथंच ठरला. त्या वेळी मी भावाकडे पाहून मनातल्या मनात मिरवलो होतो.

पहिले काही महिने माझं फार कौतुक झालं. मी द्राक्षांचे घड जवळून इतके सुरेख टिपायचो की व्यापारी फोटो बघून बागेत यायचे. गावात जो भेटेल तो मला हातात घेऊन उलटापालटा करून बघायचा.

मग जैनांचं पर्युषण पर्व आलं. अण्णांची थोरली बहीण चंदनबाला, गावाची आक्का, देवळासमोरच राहते. आई लवकर गेल्यावर अण्णांना तिनंच वाढवलं. तिनं दहा दिवसांचं एकाशन धरलं होतं. दुपारी एकदा जेवायचं, त्यानंतर तोंडात काही घालायचं नाही. सातव्या दिवशी दुपार कलल्यावर अण्णा चार जणांबरोबर देवळाच्या पायरीवर बसले होते. कुणीतरी विचारलं, "लांबचं कसं येतंय रं ह्येच्यात?"

अण्णांनी मला उचललं, पटांगणापलीकडे घरापुढच्या वट्ट्यावर बसलेल्या आक्कावर रोखलं आणि तीसपर्यंत ताणलं.

मित्रांनो, मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. मला दिसला तो नुसता एक पुसट डाग. तोंडाशी गेलेला हात आणि हातात काहीतरी पांढरं. खरं भिंग असतं तर पुढचं दिसलं असतं. माझ्यापाशी अंदाज होता. तोंडाशी हात म्हणजे खाणं, एवढंच मला शिकवलेलं. मी त्या पांढऱ्याचा पेढा केला. त्याला गोल कड दिली, वर अंगठ्याचा ठसासुद्धा उमटवला. इतकं छातीठोक चित्र काढायला मला कुणी सांगितलं होतं?

पायरीवर हशा पिकला. 'आमच्या आक्काचं एकाशन दिवसातनं दोनदा हुतंय' असं खाली लिहून अण्णांनी तो फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये एकशे बारा माणसं. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावानं पाहिला आणि शेवटी आक्काला दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी ती देवळात आलीच नाही. व्रत करणाऱ्यांचा शेवटच्या दिवशी सत्कार होता, त्या यादीतून महिला मंडळानं तिचं नाव गुपचूप काढलं.

नवव्या दिवशी अण्णा माझ्यासाठी कव्हर घ्यायला फारूकभाईंकडे गेले आणि हौसेनं तो फोटो दाखवू लागले. फारूकभाई हसले नाहीत. त्यांनी मला घेतलं आणि रस्त्यापलीकडे लांबवर दिसणाऱ्या एका हॉटेलच्या पाटीचा फोटो काढला.

"वाचा आण्णा."

अण्णांना वाचता येईना. मी रेखलेली अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती.

"एवढ्या लांबचं ह्यो बघत न्हाई, मनानं रचतोय. घेताना सांगितलं हुतं तुमास्नी."

घरी येऊन अण्णांनी बायकोला, सुंदरीताईंना, आक्का तेव्हा काय करत होती ते विचारलं. त्या म्हणाल्या, "आवं, पाणी गाळायचं फडकं शिवत हुत्या त्या, देवळातल्या घागरीसाठी. दातानं दोरा तोडताना तुमी फोटू काढला. मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

जैन घरांत पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. अण्णा रोज देवळात ज्या घागरीतलं पाणी पीत, तिच्या तोंडावर तेच नवं पांढरं फडकं बांधलेलं होतं. तरीही खरं काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दहाव्या दिवशी आक्काशिवाय सत्कार झाला, आणि अण्णा मला खिशात घालून खाली मान घालून बसून राहिले.

मग क्षमावाणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. अण्णांनी सकाळपासून माझ्यावरून तीनशे जणांना 'उत्तम क्षमा' लिहिलेलं कमळाचं एक तयार चित्र पाठवलं. तेच आक्कालाही पाठवलं. तिनं ते पाहिलं, पण उत्तर आलं नाही.

दुपारी देवळाच्या मंडपात ती दिसली. अण्णा तिच्यासमोर गेले आणि त्यांनी मलाच पुढे केलं.

"आक्का, ह्या फोनचीच चूक हाय बघ. लांबचं भिंगच न्हाई ह्येला."

मला वाटलं, बरोबर आहे, सगळा दोष माझ्या पदरात पडू दे. आक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आसंल त्येची चूक. त्यो मला वळखत न्हाई. तू तर वळखतूस न्हवं?"

अण्णांचा हात खाली आला. त्यांनी मला खिशात घातलं. मग ते मंडपात सगळ्यांसमोर उभे राहिले.

"माझी आक्का खात नव्हती, फडकं शिवत हुती. अन् खात आसती तरी तिचा फोटू लोकास्नी दावायचा मला हक्क नव्हता."

आक्कानं हात जोडले, 'उत्तम क्षमा' म्हणाली. ती त्या दिवशी सगळ्यांनाच तसं म्हणत होती. अण्णांना घरी ये असं मात्र ती म्हणाली नाही, आणि अजूनही म्हणालेली नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मुंगीचीसुद्धा माफी मागतात. मी जीव नाही, मला हात जोडता येत नाहीत. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्याला जपा म्हणून मी सांगत नाही, आमच्यापासून माणसांना जपा. मी दाखवतो ते लगेच खरं धरू नका. कुणावर मला रोखण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. अण्णांनी पायरीवरून नुसतं "आक्का, काय करतीस गं?" असं विचारलं असतं, तर तिनं दोरा तोडून सांगितलं असतं. तिचा वट्टा हाकेच्या अंतरावर होता.