सभेला हजर एक

बेटावरचं ते ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली होती. जिन्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत पितळी पाट्या ठोकलेल्या. एक पाटी म्हणजे एक कंपनी. कुणाची जहाजं होती, कुणाच्या तेलाच्या विहिरी, आणि सगळ्यांना मिळून संडास एक. आत्याला आपली पाटी सापडली ती जिन्याच्या वळणावर, झाडूच्या मागे.

"हीच का रे आपली कंपनी?"

"हळू बोल ना, आत्या," भाचा म्हणाला.

"का? झोपलीय ती?"

भाच्याने तिच्याकडे चमकून पाहिलं. आत्या असं बोलत नसे. खरं तर आत्या फारसं बोलतच नसे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला होता.

दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, बिजागऱ्यांचा कारखाना होता. आत्याच्या मैत्रिणी सासरी गेल्या. आत्या कारखान्यात गेली आणि तिथेच नांदली. तयार बिजागरी कानाशी धरून उघडायची, मिटायची, कुरकुरली तर परत टाकायची, हे तिचं काम. काही वर्षांपूर्वी एका सल्लागाराने दादाला पटवलं की कारखाना आहे तिथेच असू दे, पण त्याचा मालक समुद्रापार असावा. बेटावर कर नाही आणि चांभारचौकशाही नाहीत. एक कंपनी काढायची, कारखाना तिच्या नावावर करायचा, आणि त्या कंपनीच्या संचालकपदी घरातलं असं माणूस बसवायचं की जे कुणाच्या लक्षातच येणार नाही. दादाला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

पुढे बेटाची अब्रू जगभर इतकी गेली की ती सावरायला तिथल्या सरकारने नियम काढला: संचालकाने स्वतः येऊन, खुर्चीत बसून, स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यावा. सल्लागाराने वर बजावलं होतं, घरातलं दुसरं कुणी त्या खोलीत दिसलं तर खरा मालक वेगळाच आहे असा अर्थ निघेल आणि इतक्या वर्षांचं मुसळ केरात जाईल. म्हणून भाचा आला होता, पण दारापर्यंतच.

सकाळी हॉटेलात पावाला लोणी लावता लावता तो म्हणाला होता, "एकच ठराव आहे, आत्या. कारखाना बंद करून जागा विकायची. तिथल्या चिटणीस बाई वाचतील, तू फक्त 'मंजूर' म्हण. मग तुला समुद्र दाखवतो."

आत्याचा कप हातातच राहिला. "आणि माणसं?"

"कुठली?"

"कुठली? प्रेसवरचे तात्या कुठले? त्यांच्या खांद्यावर बसून कारखानाभर हिंडलास, त्यांच्या सदऱ्यावर मुतलास, ते कुठले? आणि मला हे आज सांगतोस?"

"तुला कशाला उगाच त्रास, म्हणून बाबांनी..."

"मालकीण मी ना?"

भाच्याला इतकं हसू आलं की सुरीवरचं लोणी त्याच्या गळ्यातल्या टायला लागलं. "नावाची गं!"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. जिना चढेपर्यंत ती उतरली नव्हती, आणि जिना तर चढणीचाच होता.

भाचा काचेच्या दाराबाहेर थांबला. आत टेबलाशी चिटणीस बाई होत्या. जिन्यातल्या सगळ्या कंपन्यांच्या चिटणीस त्याच. चेहरा असा, की बारसं असो वा तेरावं, फरक पडू नये.

"सभेला हजर एक. गणपूर्ती झाली," त्या म्हणाल्या. "आधी अध्यक्ष निवडायचा."

"कुणातून?"

"तुमच्यातून."

आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःला निवडलं.

"ठराव. कारखाना बंद करावा, यंत्रं भंगारात घालावीत, जागा विकावी. अनुकूल?"

काचेपलीकडे भाचा मान हलवत होता. आत्याचे हात मांडीवरच होते. इतका राग तिने आयुष्यात कधी एकदम बाहेर काढला नव्हता. कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

"प्रतिकूल?"

आत्याने हात वर केला. मग दुसराही केला.

"एक पुरतो," चिटणीस बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "ठराव एकमताने फेटाळला."

दार धाडकन उघडलं. भाच्याने पाय मात्र शिस्तीत बाहेरच ठेवले. "आत्या! चुकून हात वर केलास तू!"

"चुकून इतकी वर्षं खाली ठेवला होता."

"बाई, हिला काढा! दुसरा संचालक नेमा!"

"तो अधिकार भागधारकाचा. भागधारक म्हणजे शेजारच्या बेटावरची कंपनी."

"ती आमचीच आहे! तिला सांगा!"

"तिच्या संचालकही याच आहेत."

दादाचा परक्यावर विश्वास नव्हता. घरातलं गरीब माणूस त्याने दोन्हीकडे वापरलं होतं.

भाच्याने घाईघाईने फोन लावला आणि हात लांब करून दारातूनच आत धरला. दादाचा आवाज खोलीभर घुमला. "अगं, खाल्ल्या मिठाला तरी जाग!"

"मिठाचं काढू नकोस, दादा!" आत्या उभी राहिली. "मी तुझ्या घरी आयती बसून खाल्लं नाही. तुझ्या दारादारात जी बिजागरी फिरते ना, ती माझ्या कानाखालून गेलीय. आणि तुझा पोरगा मला विचारतो, माणसं कुठली! लाज तुला वाटत नाही, मग त्याला कुठून वाटणार? कुणाच्या लक्षात येणार नाही अशी म्हणून मला निवडलीस ना? आता ठेव लक्षात!"

चिटणीस बाईंनी पान उलटलं.

"अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय?"

"आहेत," आत्या खाली बसत म्हणाली. "पुष्कळ आहेत. पाणी मागवा."

"हे दारातले गृहस्थ थांबणार आहेत का?"

"यांचा कंपनीशी काय संबंध?"

बाईंनी कागद चाळले. "काहीच नाही."

"मग दार लावून घ्या."