मला खुंटीवरच राहू द्या

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. हदगाव तालुक्यातल्या एका गावात, किशनरावांच्या गोठ्यातल्या खुंटीला मी टांगलेला असतो. माझी पितळी टाकी आता हिरवट पडली आहे. पट्टे दोनदा बदलले. झाकणातून थेंब थेंब गळतं, ते मात्र कुणी बदललं नाही.

किशनरावांनी मला नांदेडहून एसटीच्या टपावर टाकून आणलं, तेव्हा ते ऐन जवानीत होते. त्या काळी कापसावर हिरव्या अळीचा कहर होता. दर आठ दिवसांनी मला पाठीवर घेऊन ते शेतभर फिरत. शेजारीपाजारी मला मागायला येत. "न्या, पर धुऊन आणा बरं," असं किशनराव ऐटीत सांगत. मलाही तेव्हा ऐट वाटायची. माझ्या पोटात विष आहे आणि ज्याच्या पाठीवर मी बसतो, त्याच्यावरही ते उडतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

मग बीटी कापूस आला. मातीत एक अगदी बारीक जिवाणू राहतो. त्याच्यात असं विष असतं की ते पोटात गेलं की बोंडअळी मरते. ते विष तयार करायचा गुण शास्त्रज्ञांनी कापसाच्या झाडातच आणून ठेवला. अळी पान खायची आणि मरायची. माझं काम संपलं. किशनरावांनी मला खुंटीवर टांगलं. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली आणि नळीच्या तोंडाशी गांधीलमाशीने घर केलं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मी दमलो होतो.

त्या बियाण्याच्या प्रत्येक पिशवीत एक छोटी पुडी निघायची. ती काय आहे, हे सांगायला भागवत नावाचे कृषी सहायक गोठ्यापर्यंत आले होते.

"ही साधी सरकी हाय, किशनराव. बीटी न्हाई. शेताच्या चहूबाजूंनी हिच्या पाच ओळी लावा."

"अन् तिला अळी पडली म्हंजे?"

"पडू द्या. पडावी म्हणूनच दिली हाय."

किशनराव मोठ्याने हसले. "भागवतराव, आम्ही काय अळ्यांची पंगत बसवून राहिलो का? वरून तूप बी वाढू?"

भागवतही हसले आणि चहा पिऊन गेले. पुडी माझ्या खालच्या फळीवर पडली. दुसऱ्या वर्षी तिच्याशेजारी दुसरी आली. साऱ्या गावात असंच चाललं होतं. वर्षामागून वर्षं गेली, फळीवर पुड्यांचा ढीग झाला, आणि मी तो वरून बघत राहिलो.

मग एका वर्षी दिवाळीनंतर किशनरावांचा मुलगा दयानंद मूठभर बोंडं घेऊन गोठ्यात आला. वरून बोंडं चांगली हिरवीगार होती. त्याने एक दगडावर फोडलं. आत गुलाबी अळी होती. दुसरं फोडलं, त्यातही होती.

"बापू, बीटी खाऊन बी जित्या हायत ह्या."

किशनरावांनी फुटलेलं बोंड हातात घेऊन पाहिलं. मग त्यांनी माझ्यावरची जाळी पुसली.

गुलाबी अळी बोंडाच्या आत बसते. माझा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून किशनरावांनी औषध दुप्पट केलं, त्यात आणखी एक औषध मिसळलं. मी दयानंदच्या पाठीवर होतो. वारा फिरला. माझ्या झाकणातून गळणारं पाणी त्याच्या सदऱ्यातून पाठीत मुरत होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. दुपारी तो बांधावर बसला, ओकला आणि आडवा झाला.

तो नांदेडच्या दवाखान्यातून नवव्या दिवशी परत आला. अजून चहाचा कप धरताना त्याच्या हाताला कापरं भरतं. त्याच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मला उकिरड्यावर फेकून दिलं. किशनरावांनी गुपचूप परत आणून टांगलं. लागलं तर असावा, म्हणून.

दयानंदची बायको शिल्पा किनवटकडची, वसतिगृहात राहून शिकलेली. फळी झाडताना तिला पुड्यांचा ढीग सापडला. तिने त्या सासऱ्यांसमोर ठेवल्या.

"मामा, हजारात एखादी अळी चिवट निघती. बीटी खाऊन बी वाचती. आजूबाजूला साध्या कापसावर वाढलेले साधे पतंग भरपूर असले, तर तिची सोयरीक त्यांच्यात होती. मग लेकरं बीटी खाल्लं की मरतात. आपण साधा कापूसच ठेवला न्हाई. चिवटाची सोयरीक चिवटाशीच झाली. मग लेकरं कशी निघणार?"

किशनरावांनी एक पुडी उचलली, उलटीसुलटी केली. "पंगत बसवाय पाहिजे होती म्हण की," ते म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

आता साधी सरकी वेगळी येत नाही. पिशवीतच मिसळून येते, माणसांनी फळीवर टाकू नये म्हणून. पण चिवट झालेली अळी काही एका वर्षात साधी होत नाही.

परवाचीच गोष्ट सांगतो. वेचण्या संपत आल्या होत्या. गोठ्याच्या दारात चहा चालला होता.

"पाणी देतो. अजून एक वेचणी निघंल," किशनराव म्हणाले.

"मामा, उपटून टाका," शिल्पा म्हणाली. "उभं पीक दिसलं की अळी मुक्काम करती. पुढल्या साली तीच आपल्या बोंडात."

"आली तर फवारू."

लक्ष्मीबाई शेण गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "फवारणार कोण?" एवढंच विचारलं.

दयानंदने दोन्ही हातांनी धरलेला कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव एकटेच गोठ्यात आले. माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, झालं, निघावं लागणार. पण त्यांनी शेजारच्या खुंटीवरचा पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायचा चिमटा काढला आणि ते शेताकडे गेले. दुपारपर्यंत मुळं निघाल्याचा आवाज येत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, तेल घाला, वापरात ठेवा. माझं मागणं उलटं आहे. पुढच्या वर्षी अळी येईल की नाही, मला माहीत नाही. शेजारच्या शेतात पऱ्हाटी अजून उभीच आहे. तुमच्या घरी पिशवीतून काही छोटं, बिनकामाचं वाटणारं निघालं, तर फेकण्याआधी ते कशाला दिलंय एवढं विचारा. आणि मला धूळ खाऊ द्या. गांधीलमाशी परत आली आहे, नळीच्या तोंडाशी पुन्हा घर बांधते आहे. तिला हाकलू नका.