आत आहे, येतोच

बटणांच्या दुकानाची वेबसाइट बंद पडली की पडद्यावर एक पांढरी पाटी यायची: ‘आत आहे, येतोच.’ बस, एवढंच. दिलगिरी नाही, फोन नंबर नाही. काकूंच्या यजमानांनीच ती लिहिली होती. पुढच्या खोलीत दुकान होतं तेव्हा तीस वर्षं ते मागच्या खोलीतून गिऱ्हाइकाला हीच हाक द्यायचे. आणि हाक दिली की खरंच यायचे, हातातलं काम टाकून, चष्मा कपाळावर चढवून, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. पुढचं दुकान त्याआधीच मिटलं होतं. आता उरली होती ती वेबसाइट, खोकी भरभरून बटणं आणि मागच्या खोलीत टेबलाखाली घरघरणारं मशीन. वेबसाइट त्या मशीनवरच चालायची. यजमानांनी ते स्वतःच्या हातांनी जोडलं होतं आणि स्वभावही त्यांचाच दिला असावा, कारण ते आठवड्यातून दोनदा तरी हटून बसायचं. मग काकूंनी गुडघे टेकून टेबलाखाली शिरायचं आणि वहीत लिहिल्याप्रमाणे ते पुन्हा सुरू करायचं.

“आई, पुरे झालं हे,” लेक म्हणाली. “मॅनेज्ड होस्टिंग घेऊ या. साइट त्या कंपनीच्या मशीनवर राहील. दुरुस्ती, राखण, सगळं त्यांची माणसं बघतील. तू फक्त बटणं पाठव.”

“आणि पाटी?”

“तिकडेही लावता येईल की. पण तिथे साइट सहसा बंदच पडत नाही. दिसणार कुणाला?”

“बघू,” काकू म्हणाल्या. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता. लेकीने कपाळावर हात मारला आणि विषय सोडला.

लेकीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. मशीन दोनदा आपणहून हटायचं हे खरं, पण तिसऱ्यांदा त्याला काकूच थांबवत. दर बुधवारी जेवण उरकलं की त्या मशीनवरचा दुकानाचा प्रोग्रॅम बंद करत, फोनवर साइट उघडत आणि पाटी वाचत बसत. दहा मिनिटं, फार तर पंधरा. वेडेपणा होता, आणि तो वेडेपणा आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण घरात यजमानांचा फोटो होता, कपडे होते, चष्मा होता. ‘येतोच’ म्हणणारं दुसरं काही नव्हतं.

एका बुधवारी पाटी बघता बघता त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी धडपडत प्रोग्रॅम सुरू केला. कुणाला काय कळणार, असं म्हणून चहा टाकला.

त्यानंतर बाराव्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा मेल आला. त्यांच्या वडिलांच्या कोटाचं पितळी बटण हरवलं होतं. नातीच्या लग्नात वडिलांना तोच कोट घालायचा होता. तो बुधवार हा बटण मागवण्याचा शेवटचा दिवस होता. ‘दुसरीकडे तसंच मिळत होतं,’ बाईंनी लिहिलं होतं, ‘पण तुमच्याकडे येतोच असं लिहिलं होतं. दुकानदारांचा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. मग सगळीकडेच उशीर झाला. बाबांनी लग्नात कोट तसाच घातला. सगळा वेळ ती जागा हाताने झाकून बसले होते. परवा ते गेले. तुमची तक्रार नाही. दुकानदार बरे आहेत ना, एवढंच कळवा.’

काकूंनी मेल दोनदा वाचला. आपल्या माणसाने जन्मात कुणाला ‘येतोच’ म्हणून ताटकळत ठेवलं नव्हतं. जे त्याने कधी केलं नाही ते त्याच्या नावावर त्यांनी करून ठेवलं होतं, तेही प्रेमापोटी.

त्यांनी उत्तर लिहिलं. दुकानदार गेले हे लिहिलं, आणि बुधवारी साइट आपण स्वतः बंद केली होती हेही लिहिलं. मग लेकीला फोन लावला.

“घे ते होस्टिंग.”

“अगं, एकदम? आणि पाटी?”

“पाटी नको. बंद पडली तर ‘बंद आहे’ असं सरळ लिहायला सांग. लोकांना दुसरीकडे जाता येईल.”

पुढच्या आठवड्यात सगळं तिकडे गेलं. “नवी साइट चालू झाली, काकू. जुनं मशीन आता काढलंत तरी चालेल,” कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं. काकूंनी मागच्या खोलीचं दार लोटलं. वहीत बघून जुना प्रोग्रॅम थांबवला आणि मशीनच्या पडद्यावर पाटी शेवटची आणली.

आत आहे, येतोच.

“नका येऊ,” त्या म्हणाल्या. “बसा निवांत. पुढे मी आहे.”

मग त्या गुडघे टेकून टेबलाखाली शिरल्या आणि त्यांनी प्लग काढला.